नऊ एमएम की पॉइंट फोर्टी-फाइव्ह? तुलना करायला बसण्याआधी

नेमबाजीच्या रेंजवर नवा माणूस आला की चौथ्या-पाचव्या दिवशी एक प्रश्न हमखास विचारतो: "यातलं जास्त पॉवरफुल कुठलं?" आणि त्याला हमखास तीन माणसांकडून तीन उत्तरं मिळतात. तिघंही आपापल्या जागी बरोबर असतात, कारण एकाच्या डोक्यात ऊर्जा असते, दुसऱ्याच्या डोक्यात धक्का आणि तिसरा फक्त गोळीच्या जाडीकडे बघत असतो. हा लेख त्या नव्या माणसासाठी आहे. कुठलं कॅलिबर (म्हणजे ९ एमएम, .४५ अशा नावांनी ओळखला जाणारा काडतुसाचा प्रकार) श्रेष्ठ हे मी सांगणार नाही. पण दोन कॅलिबर शेजारी ठेवून आपली आपण तुलना कशी करायची ते शेवटपर्यंत जमायला हवं. गुणाकार-भागाकार येत असेल तर पुरे.

एक गोष्ट आधीच ठरवू. बोलताना आपण सगळ्यालाच "गोळी" म्हणतो. इथे गोळी म्हणजे फक्त नळीतून बाहेर पडणारा धातूचा तुकडा. पुंगळी, तिच्यातली दारू, ती पेटवणारा बुडाशी असलेला प्रायमर आणि वर बसवलेली गोळी मिळून होतं ते काडतूस. हा फरक सैल ठेवला तर पुढचे आकडे गोंधळात टाकतात. वजन गोळीचं मोजायचं असतं, काडतुसाचं नाही.

पहिली पायरी: नावावर विश्वास ठेवू नका

कॅलिबरचं नाव हे माप कमी आणि टोपणनाव जास्त आहे. .३८ स्पेशलची गोळी .३८ इंचाची नसते, ती .३५७ इंचाची असते. म्हणजे .३५७ मॅग्नमची आणि .३८ स्पेशलची गोळी एकाच व्यासाची. फरक पुंगळीत आहे: मॅग्नमची पुंगळी साधारण ३ मिलिमीटरने लांब ठेवली, ती मुद्दाम, म्हणजे जास्त दाबाचं काडतूस जुन्या .३८ च्या रिव्हॉल्वरमध्ये शिरूच नये. उलट .३५७ च्या रिव्हॉल्वरमध्ये .३८ स्पेशल चालतं. .४४ मॅग्नमची गोळी .४२९ इंचाची. .३८० एसीपी आणि ९ एमएम यांच्या गोळ्यांचा व्यास सारखाच, .३५५ इंच, एकाची पुंगळी १७ मिलिमीटर, दुसऱ्याची १९. .४० एस अँड डब्ल्यू आणि १० एमएम ऑटो हे दोघंही .४०० इंचाचे.

तेव्हा व्यास सांगून काही सुटत नाही. मग पुंगळीचा आकार बघावा का? तोही फसवतो. .३८ स्पेशलची पुंगळी २९ मिलिमीटर लांब आहे, ९ एमएमची १९. हातात घेतलं तर .३८ दमदार वाटतं. पण ते १८९८ चं, काळ्या दारूच्या दिवसांतलं काडतूस. काळी दारू जागा खूप खाते म्हणून पुंगळी मोठी झाली, आणि नंतर धूरविरहित दारू आली तरी मोठीच राहिली. त्याचा कमाल दाब अमेरिकन मानकानुसार १७,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) धरतात. १९०२ च्या ९ एमएमचा ३५,००० पीएसआय, म्हणजे दुपटीहून जास्त. लहान पुंगळीतून जास्त काम निघतं ते त्या दाबामुळे. .४५ एसीपीचा दाबही २१,००० च राहतो; ते काडतूस वेगावर नाही, वजनावर जगतं.

पेटीवर "+पी" दिसलं तर त्याचा अर्थ नेहमीपेक्षा जास्त दाब. ९ एमएमला ती मर्यादा ३८,५०० आहे, .३८ स्पेशलला २०,०००. जुन्या किंवा हलक्या शस्त्रात ते चालतं का, हे शस्त्राच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेलं असतं. शेजारच्या लेनवरच्या माणसाला विचारून हे ठरवू नका.

दुसरी पायरी: सगळे आकडे एका भाषेत आणा

पेटीवर गोळीचं वजन ग्रेनमध्ये असतं. ग्रेन म्हणजे दारूचे दाणे नव्हेत, वजनाचं जुनं एकक आहे ते. (पहिल्या वर्षी "१२४ ग्रेन" म्हणजे आत १२४ दाणे दारू, अशी समजूत असलेली दोन माणसं मला भेटली आहेत. त्यातला एक मीच.) १ ग्रेन = ०.०६४८ ग्रॅम. वेग बहुतेकदा फूट प्रति सेकंदात छापतात, त्याला ०.३०४८ ने गुणलं की मीटर प्रति सेकंद.

९ एमएमचं अगदी नेहमीचं काडतूस घेऊ: १२४ ग्रेन, ११५० फूट प्रति सेकंद. म्हणजे ८.०४ ग्रॅम आणि ३५० मीटर प्रति सेकंद. .४५ चं नेहमीचं: २३० ग्रेन, ८५० फूट. म्हणजे १४.९ ग्रॅम, २५९ मीटर. आता दोघं एका ओळीत उभे राहिले.

तिसरी पायरी: ऊर्जा आणि संवेग, दोन्ही काढा

ऊर्जा ज्यूलमध्ये हवी तर: ग्रॅम गुणिले वेगाचा वर्ग, भागिले २०००.
संवेग हवा तर: ग्रॅम गुणिले वेग, भागिले १०००.

९ एमएम: ८.०४ × ३५० × ३५० ÷ २००० म्हणजे सुमारे ४९० ज्यूल. संवेग २.८.
.४५: १४.९ × २५९ × २५९ ÷ २००० म्हणजे ५०० ज्यूल. संवेग ३.९.

इथे जरा थांबा, कारण "कुठलं जास्त पॉवरफुल" हे भांडण बहुतेक वेळा याच दोन ओळींवर चालू असतं. ऊर्जेत दोघं जवळजवळ बरोबरीत. संवेगात .४५ एक तृतीयांशाहून जास्त पुढे. ऊर्जेत वेगाचा वर्ग येतो, म्हणून हलकी आणि वेगवान गोळी तिथे उजवी दिसते. संवेगात वेग एकदाच येतो, म्हणून जड गोळीची बाजू वर जाते. पेटीवर ऊर्जा छापायची रीत आहे, संवेग छापायची नाही. त्यामुळे नुसती पेटी वाचणारा माणूस नकळत वेगवान गोळीच्या बाजूने झुकतो.

खालचे आकडे नेहमीच्या भरणीचे, गोल करून दिलेले आहेत. भरणी म्हणजे विशिष्ट वजनाची गोळी आणि तिच्यामागे घातलेली दारू, यांची जोडी. स्वतः गणित करून पडताळा. एकदा हाताने केलं की विसरत नाही.

.२२ एलआर, ४० ग्रेन, पिस्तुलातून ३०५ मी/से: १२० ज्यूल, संवेग ०.८
.३८० एसीपी, ९५ ग्रेन, २९० मी/से: २६० ज्यूल, संवेग १.८
.३८ स्पेशल, १५८ ग्रेन, २३५ मी/से: २८० ज्यूल, संवेग २.४
९ एमएम, १२४ ग्रेन, ३५० मी/से: ४९० ज्यूल, संवेग २.८
.४५ एसीपी, २३० ग्रेन, २५९ मी/से: ५०० ज्यूल, संवेग ३.९
.४० एस अँड डब्ल्यू, १८० ग्रेन, ३०५ मी/से: ५४० ज्यूल, संवेग ३.६
.३५७ मॅग्नम, १५८ ग्रेन, ३७६ मी/से: ७२० ज्यूल, संवेग ३.९
.४४ मॅग्नम, २४० ग्रेन, ३६६ मी/से: १०४० ज्यूल, संवेग ५.७

.४५ आणि .३५७ यांची ओळ पुन्हा वाचा. संवेग सारखा, ऊर्जेत सव्वादोनशे ज्यूलचा फरक. आणि .३८० व .३८ स्पेशल ऊर्जेत खांद्याला खांदा लावून, पण संवेगात नाहीत. एकाच आकड्यावरून क्रम लावला की कुणावर तरी अन्याय होतोच.

आता एकट्या ९ एमएमच्या घरात डोकावू. ११५ ग्रेनची गोळी ३६० मीटरने जाते: ४८० ज्यूल, संवेग २.७. १४७ ग्रेनची ३०० मीटरने जाते: ४३० ज्यूल, संवेग २.९. म्हणजे जड गोळीची ऊर्जा कमी, पण संवेग जास्त. शिवाय २० अंश सेल्सिअसला हवेत आवाजाचा वेग ३४३ मीटर असतो. ११५ ची गोळी त्याच्या वर, १४७ ची खाली. हलक्या गोळीबरोबर जो कडक, चाबकासारखा आवाज येतो तो तिथून. एकाच नावाच्या काडतुसांत इतका फरक असेल तर "९ एमएम विरुद्ध .४०" हा प्रश्नच अर्धवट आहे. तुलना भरणीची करायची, नावाची नाही.

चौथी पायरी: नळी कुठली, ते विचारा

ही पायरी मी गाळली होती आणि पुरता तोंडघशी पडलो होतो. माझ्या पहिल्या तक्त्यात .३५७ मॅग्नम हजार ज्यूलच्या पुढे गेलं होतं. आठवडाभर ते सगळ्यांना ऐकवत फिरलो. मग एका म्हाताऱ्या नेमबाजाने शांतपणे विचारलं, "नळी किती लांब होती रे?" ती कार्बाइनची, म्हणजे आखूड रायफलची होती, पिस्तुलाहून कितीतरी लांब. माझ्या तक्त्यातलं ९ एमएम मात्र साध्या पिस्तुलाचं. धावपटू आणि सायकलस्वार यांची शर्यत लावली होती मी.

गोळी नळीत असेपर्यंतच वायूचा दाब तिला ढकलतो. नळी आखूड झाली की ढकलण्याचा काळ कमी होतो. ९ एमएममध्ये दर इंचामागे साधारण ८ ते १५ मीटर प्रति सेकंद इतका फरक पडतो. मॅग्नम काडतुसांत, जिथे सावकाश जळणारी दारू भरपूर असते, त्याहून जास्त. म्हणून दोन इंची नळीतून उडवलेलं मॅग्नम आवाज आणि ज्वाळा मॅग्नमची देतं, वेग मात्र देत नाही.

कारखान्याचे आकडे कुठल्या नळीवर घेतलेत तेही बघा. अमेरिकन मानकात ९ एमएमची चाचणी चार इंची नळीवर होते, .४५ ची पाच इंची. शिवाय रिव्हॉल्वरमध्ये सिलिंडर आणि नळी यांच्यात ०.१ ते ०.२ मिलिमीटरची फट असते, तिच्यातून थोडा वायू निसटतो. .३८ आणि .३५७ साठी म्हणूनच अशी फट ठेवलेली चाचणी-नळी वापरतात. फट नसलेल्या नळीचे आकडे कुणी दाखवले तर ते रिव्हॉल्वरला लागू नाहीत.

यावर खरा उपाय एकच: क्रोनोग्राफ. गोळीचा वेग मोजणारं यंत्र. प्रकाशावर चालणारं असेल तर ते नळीच्या तोंडापासून तीन-चार मीटर पुढे ठेवतात, म्हणजे तोंडाशी होणारा स्फोटाचा झोत आणि ज्वाळा त्याला चकवत नाहीत. एका भरणीच्या दहा फैरी झाडा. सरासरी लिहा, आणि सर्वांत जलद व सर्वांत संथ यांतला फरकही लिहा. सरासरी छान पण फरक मोठा असेल, तर ते काडतूस कागदावरही विखुरलेलंच दिसण्याची शक्यता जास्त.

पाचवी पायरी: गोळी किती खाली येते

पिस्तुलाच्या अंतरावर ही पायरी लोक उगाच मोठी करतात, तेव्हा थोडक्यात. गोळी नळीतून बाहेर पडल्या क्षणापासून खाली येऊ लागते, आणि किती खाली हे फक्त प्रवासाच्या वेळेवर ठरतं. २५ मीटरवर ९ एमएम नळीच्या रेषेखाली अडीच सेंटिमीटर येते, .४५ पावणेपाच. ५० मीटरवर तेच आकडे साधारण साडेअकरा आणि साडेएकोणीस होतात. साइट (नेम धरायची खूण) ज्या अंतरावर जुळवली आहे त्याप्रमाणे यातलं बरंचसं आपोआप भरून निघतं, म्हणून २५ मीटरच्या आत याची चिंता करू नका. हवेतला वेग मात्र उलट्या बाजूने घटतो: ११५ ग्रेनची ९ एमएम पहिल्या ५० मीटरांत ४० मीटर प्रति सेकंदांच्या आसपास गमावते, .४५ ची जड, संथ गोळी दहाच्या आसपास.

एक गंमत. जवळच्या अंतरावर जड, संथ गोळी पुष्कळदा वर लागते. गोळी नळीतून बाहेर पडण्याआधीच धक्क्याने नळी उचलायला लागलेली असते, आणि संथ गोळी नळीत जास्त वेळ थांबते. भरणी बदलली आणि नेम वर गेला तर साइटला शिव्या देऊ नका.

सहावी पायरी: धक्का

इथे मी जरा रेंगाळणार, कारण नवख्याचा निकाल बहुधा इथेच लागतो.

धक्क्याचं साधं गणित संवेगावरून निघतं. गोळीचा संवेग भागिले पिस्तुलाचं वजन, म्हणजे पिस्तूल मागे येण्याचा वेग. (दारूच्या वायूचा वाटा इथे सोडून दिला आहे, त्यामुळे खरा धक्का याहून जास्त असतो, तुलनेला इतकं चालतं.) ९०० ग्रॅमच्या पिस्तुलातून ९ एमएम: २.८ ÷ ०.९, म्हणजे ३.१ मीटर प्रति सेकंद, धक्क्याची ऊर्जा साडेचार ज्यूलच्या आत. त्याच वजनाच्या पिस्तुलातून .४५: ४.३ मीटर, सव्वाआठ ज्यूल. जवळपास दुप्पट.

आता तेच ९ एमएम खिशात मावेल अशा ५०० ग्रॅमच्या पिस्तुलात घाला. ५.६ मीटर प्रति सेकंद, आठ ज्यूलच्या जवळ. म्हणजे छोट्या पिस्तुलातलं ९ एमएम हे मोठ्या पिस्तुलातल्या .४५ इतकंच हात झटकतं. "मला .४५ झेपणार नाही, म्हणून छोटं ९ एमएम घेतो" असं म्हणणाऱ्याने हा भागाकार आधी करावा.

गणितात न येणाऱ्याही गोष्टी आहेत. हातापासून नळी किती उंच बसते, दस्ता तळव्यात भरतो का, शस्त्राची स्प्रिंग किती कडक आहे. .४० चा धक्का .४५ पेक्षा आकड्यात कमी आहे, तरी कित्येकांना तो जास्त झोंबतो. .४५ ढकलतं, .४० झटका देतं, असं ते म्हणतात. मलाही तसंच वाटतं, आणि ते मोजून दाखवायला माझ्याकडे काही नाही.

सातवी पायरी: तुमचं लक्ष्य कशाचं आहे

कागदावर नेम साधायचा असेल तर वरचे सगळे ज्यूल निरुपयोगी आहेत. कागद ऊर्जा मोजत नाही. तिथे हवी असते एकसारखी भरणी आणि कमीत कमी धक्का, म्हणून .२२ एलआर. सेंटर फायर (प्रायमर पुंगळीच्या बुडाच्या मधोमध असलेली काडतुसं) प्रकारात आंतरराष्ट्रीय नियम ७.६२ ते ९.६५ मिलिमीटरची मुभा देतात, आणि तिथे .३८ ची वॉडकटर गोळी जुनी लाडकी आहे. सपाट नाकाची ती गोळी कागदात स्वच्छ गोल भोक पाडते आणि गुणांचा वाद होत नाही.

आयपीएससीसारख्या वेगाच्या स्पर्धेत मात्र कॅलिबर थेट गुणांत उतरतं. तिथे पॉवर फॅक्टर काढतात: ग्रेन गुणिले फूट प्रति सेकंद, भागिले १०००. नीट बघा, हा संवेगच आहे, फक्त वेगळ्या कपड्यांत. त्यावरून काडतुसाचे दोन वर्ग पडतात: १२५ च्या वर मायनर; मेजरसाठी स्टँडर्ड विभागात १७० लागतात. आपलं १२४ ग्रेनचं ९ एमएम १४२ वर येतं, .४० चं १८०, .४५ चं १९५. मध्यभागाला दोघांनाही ५ गुण. पण बाहेरच्या पट्ट्यांत मेजरला ४ आणि २ मिळतात, मायनरला ३ आणि १. म्हणजे नेम चुकला तर जड काडतूस थोडं सांभाळून घेतं, आणि त्याची किंमत धक्क्यात वसूल करतं. नियमित मध्यभागी मारणाऱ्याला मेजरचा फारसा उपयोग नाही.

जेलच्या चाचण्यांचे, म्हणजे जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळी झाडून ती किती शिरते ते बघण्याचे, व्हिडिओ तुम्हाला दिसतीलच. ते बघताना आधी जेल तपासलेलं आहे का ते पाहा. रीत अशी: १० टक्के जिलेटिन, ४ अंश सेल्सिअस, आणि चाचणीआधी ४.५ मिलिमीटरचा पोलादी छर्रा सुमारे १८० मीटर प्रति सेकंदाने मारला तर तो साडेआठ सेंटिमीटर, एखादा इकडेतिकडे, इतका शिरायला हवा. पारदर्शक कृत्रिम जेल दिसायला सुंदर असतं पण त्याचे आकडे जिलेटिनच्या आकड्यांशेजारी ठेवता येत नाहीत. आणि जेल म्हणजे भरणी एकमेकांशी ताडून बघण्याचं एकसारखं माध्यम, इतकंच. त्यावरून याहून मोठे निष्कर्ष काढणाऱ्यांपासून लांब राहा.

याच वादातून एक मोठं चक्र फिरलं आहे. ११ एप्रिल १९८६ ला मायामीत झालेल्या चकमकीत एफबीआयचे दोन एजंट मारले गेले आणि बोट ९ एमएमच्या एका गोळीकडे वळलं. मग त्यांनी १० एमएम पसंत केलं. ते फार आडदांड ठरलं, म्हणून १९९० मध्ये त्याचीच आखूड धाकटी आवृत्ती, .४०, बाजारात आली आणि अमेरिकन पोलिसांत पसरली. २०१० च्या दशकात एफबीआय पुन्हा ९ एमएमवर परतलं. मधल्या काळात ९ एमएमच्या गोळीची बनावट सुधारली होती, आणि धक्का कमी असल्याने एजंटांचा नेम जास्त चांगला लागत होता. कॅलिबरचा व्यास मात्र १९०२ मध्ये होता तितकाच राहिला.

आठवी पायरी: वही

आता रेंजवर जा. जिथे राहता तिथला परवान्याचा कायदा आणि रेंज-अधिकाऱ्याचा शब्द हे आधी. कानाला मफ, डोळ्याला चष्मा. शक्य असेल तर रेंजचीच शस्त्रं वापरा, विकत घ्यायची घाई नको.

दहा मीटरवर तळहाताएवढा कागद लावा. प्रत्येक भरणीच्या पाच-पाच फैरी, आधी सावकाश, मग टायमर लावून. वहीत रकाने असे: शस्त्राचं वजन, नळीची लांबी, भरणी, क्रोनोग्राफची सरासरी, ऊर्जा, संवेग, पाच भोकांचा पसारा, पाच फैरींना लागलेला वेळ. शेवटचे दोन रकाने कुठल्याच पेटीवर छापलेले नसतात. दमल्यावर मोजलेलं लिहू नका. जड कॅलिबर नेहमी शेवटी झाडलं तर त्याचा पसारा मोठाच दिसणार, म्हणून पुढच्या वेळी क्रम उलटा करा. तीन-चार वेळा असं झालं की वही उघडून शेवटचे दोन रकाने आधी वाचा, आणि ऊर्जेच्या रकान्यावर तोवर बोट ठेवून तो झाकून ठेवा.